डाव्या बाजूची सीट

वजनमापं खात्यात मी बत्तीस वर्षं काढली. किराणा दुकानातल्या तराजूपासून ट्रक तोलायच्या काट्यापर्यंत सगळ्यांच्या खाली वाकून पाहिलं आणि सील ठोकलं. या नोकरीनं मला दोन गोष्टी दिल्या: गुडघेदुखी आणि संशयी स्वभाव. माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की भाचरं माझी नक्कल करतात.

निवृत्त झाल्यावर गावातल्या मोटार संग्रहालयाचं काम अंगावर घेतलं. संग्रहालय म्हणजे बसगाड्यांचं जुनं वर्कशॉप. पत्र्याचं छप्पर, तेलानं काळी पडलेली फरशी, आत अकरा जुन्या मोटारी, भिंतीवर शर्यतींचे फोटो आणि एका कपाटात नियमपुस्तकं न् नोंदवह्या. मोटारी मिस्त्री बघतो, कागद मी. मिस्त्री माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मला ताई म्हणतो आणि माझं एक ऐकत नाही.

सगळ्यांत जुनी ती लाल शर्यतगाडी. तिला दारं नाहीत, छप्पर नाही, समोर काच नाही. उजवीकडे ड्रायव्हर, डावीकडे मेकॅनिक, दोघं दंडाला दंड लावून बसायचे. पेट्रोलची टाकी मागे, खाली, आणि इंजिन पुढे, वर. पेट्रोल तिथवर चढायला टाकीत हवेचा दाब लागतो, म्हणून मेकॅनिकच्या गुडघ्याशी एक पितळी हातपंप आहे. मेकॅनिकनं शर्यतभर तो मारत राहायचा. ड्रायव्हरचा हात तिथे पोचत नाही. मी टेपनं मोजलंय, चांगली वीतभर कमी पडते. पंप थांबला की दोन मैलांत गाडीही थांबते.

याच गाडीनं शंभर वर्षांपूर्वी गावातली पहिली शर्यत जिंकली. नाक्यावरून निघून अकरा मैलांचा फेरा मारायचा आणि परत नाक्यावर यायचं. ड्रायव्हर होते संग्रहालय चालवणाऱ्या आमच्या मोटार क्लबच्या अध्यक्षांचे आजोबा. मेकॅनिक होता माझ्या आजीचा धाकटा भाऊ, वय एकोणीस. दुसऱ्या मैलाला खाणीचं वळण लागतं, तिथवर लोकांनी गाडीत दोघांना पाहिलं. नाक्यावर परत आले ते एकटे ड्रायव्हर. पोरगं घाबरलं, वळणावर उडी मारून पळालं, असं ते म्हणाले. वळणाच्या डाव्या अंगाला साठ फूट खोल खाण होती, पाण्यानं भरलेली. तिच्यात कुणी डोकावलं नाही. जिंकलेल्या माणसाला उलट कोण विचारणार?

आजीला गावानं पळपुट्याची बहीण म्हटलं, आईला पळपुट्याची भाची. मला शाळेत पळण्याच्या शर्यतीत मुद्दाम उभं करायचे आणि हसायचे. आजी शेवटपर्यंत एकच वाक्य म्हणायची, "धाकट्या हातातलं काम टाकून उठणारा नव्हता." हे म्हणताना ती रडायची नाही, चिडायची. तिचे दागिने मावशीकडे गेले. ती चीड माझ्याकडे आली.

शताब्दीच्या महिनाभर आधी अध्यक्ष एक पितळी पाटी घेऊन वर्कशॉपच्या दारात उभे राहिले. भारदस्त माणूस. दारात उभे राहिले की लोक अंग चोरून बाजूनं जातात, ते स्वतः कधी हलत नाहीत. पाटीवर लिहिलं होतं, 'साथीदार भेदरून पळाला, तरी एकट्यानं जिंकली.'

"ही पाटी इथे लागणार नाही," मी म्हणाले.

"ताई, इतिहास आहे तो."

"मग पंप कुणी मारला?"

"आजोबांनीच मारला असेल."

"कुठल्या हातानं? एक चाकावर, एक गिअरवर. तिसरा होता का?"

मिस्त्री खोकला, म्हणजे हसला. अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "जागा आमची आहे, गाडी आमची आहे," ते म्हणाले. "तुम्ही फक्त धूळ पुसायला आहात."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "शताब्दीला ही गाडी मी चालवते. एकटी. शेजारी कुणी नाही. गाडी वाटेत थांबली, तर ही पाटी वितळवायची आणि दोघांच्या नावांची नवी करायची. नाही थांबली, तर मी माझ्या हातानं तुमची पाटी लावीन. आणि आजीच्या भावाला माइकवरून पळपुटा म्हणेन."

"शब्द?"

"काळ्या दगडावरची रेघ."

ते गेल्यावर मिस्त्री म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण करून घेताय, ताई."

"गाडी थांबेल की नाही, एवढंच सांग."

"थांबायला पाहिजे," तो म्हणाला. 'थांबेल' म्हणाला नाही.

अध्यक्षांनी एक अट घातली, सगळं जुन्या नियमपुस्तकाप्रमाणे व्हायला हवं. त्यात शर्यतीआधी आणि नंतर माणसांसकट गाडी तोलायचा नियम होता, म्हणजे वाटेत सुटे भाग फेकून कुणी गाडी हलकी करू नये. माझी काहीच हरकत नव्हती. नाक्यावर आज खडीचे ट्रक तोलायचा काटा आहे. त्या पहिल्या शर्यतीची वजनाची वहीही माझ्या कपाटात होती. तिच्यात मेकॅनिकचं वजन एकशे दहा पौंड लिहिलंय, म्हणजे पन्नास किलो. काडीपैलवानच होता. निघतानाचं वजन दोघांसकट आहे. परततानाचं वजन एका माणसासकट, पण आकडा जवळजवळ तोच. खाली शेरा: 'काटा बिघडला.' तो कारकून कामचुकार असणार, सकाळचाच आकडा थोडा कमी करून उतरवला असणार, असं माझं ठाम मत होतं. असल्या कारकुनांना मी मेमो दिलेत.

तयारीच्या दिवसांत दोन गोष्टी मला पटल्या नाहीत. संध्याकाळी टाकीची झडप उघडून मी दाब पूर्ण सोडायचे. सकाळी दाबमापकाची सुई दोनवर असायची. मिस्त्रीकडून झडप बदलून घेतली, मग वायसर, मग मापकच बदलला. सकाळी सुई दोनवर.

दुसरी गोष्ट म्हणजे पंपाची मूठ. गाडीचं सगळं पितळ काळवंडलेलं, फक्त ती मूठ लख्ख.

"पॉलिश केलंस का रे?" मी मिस्त्रीला विचारलं.

"त्या बाजूला मी जात नाही."

"का?"

"जागा नसते तिथे."

"अख्खी सीट रिकामी आहे की!"

तो इंजिनात डोकं घालून काम करत राहिला. वय झालं की माणसं चक्रम होतात, असं मी मनाशी म्हटलं आणि विषय सोडला.

शर्यतीचा दिवस रविवारी आला. माझ्या जागेवर आलेल्या निरीक्षक मुलीला मी सकाळीच बोलावलं होतं. तिनं प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासला, सील ठोकलं. पाच किलोच्या पटीत आकडा दाखवणारा काटा, एकदम चोख. मिस्त्रीनं खाली उभं राहूनच, हात लांबवून पंप मारला, दाब चारवर नेला आणि बाजूला झाला. माझ्यासकट गाडीचं वजन भरलं तेराशे दहा. काटेवाल्यानं चिठ्ठी फाडून दिली, ती मी पर्समध्ये ठेवली.

दहा वाजता निघाले. मागून अध्यक्षांची जीप, मी वाटेत कुणाला बसवू नये म्हणून. रस्ता बंद ठेवला होता. लोक दुतर्फा उभे होते. एकानं "पळपुटे, पळ!" म्हणून शीळ घातली. मी भोंगा वाजवला.

पहिला मैल मजेत गेला. सुई चारवरून तीनवर आली, मग दोनवर. सगळं माझ्या गणिताप्रमाणे. चष्म्यावर तेलाचे थेंब उडत होते, गाडी गाढवासारखी हादरत होती आणि मी हसत होते. खाणीचं वळण दिसलं तेव्हा सुई एकच्या खाली होती. इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं.

"थांब गं बाई, थांब आता!" मी गाडीला म्हटलं. आजी आठवली.

वळणावर गाडी डावीकडे दबली. उभ्या रिक्षात कुणी पाय ठेवल्यावर ती दबते, तशी.

इंजिनाचा खोकला थांबला.

टक्. फुस्स. टक्. फुस्स.

पंपाचा आवाज मी ओळखते. रोज ऐकते. सुई एकवर आली. दोनवर. तीनवर.

मी वेग कमी केला. आवाज थांबला नाही. वेग वाढवला. आवाजही भराभर येऊ लागला. चांगलं काम येणाऱ्या माणसाचा हात होता तो.

स्विच माझ्या उजव्या हाताशी होता. बंद केला असता तर गाडी थांबली असती, पाटी वितळली असती, कुणाला काही कळलं नसतं. बोट ठेवलंही होतं. पण ज्या खोटेपणाशी आयुष्यभर भांडले, तोच मी करायचा? बोट काढून घेतलं.

मी डावीकडे पाहिलं नाही. घाबरले होते, सरळ सांगते.

माझ्या दंडाला दंड लागत होता. बाही भिजत चालली होती.

आरशात पाहिलं. जीप मागे पडत होती. मग दिसेनाशी झाली.

असे नऊ मैल.

नाक्यावर गाडी काट्याच्या प्लेटवर नेऊन उभी केली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या हरण्याला. इंजिन बंद केलं. डावी बाही कोपरापर्यंत ओली होती. तिला शेवाळ्याचा वास येत होता. पाच-सात मिनिटांनी जीप आली. अध्यक्ष उतरून गाडीच्या डाव्या बाजूला, प्लेटच्या कडेला येऊन उभे राहिले. पलीकडे लगेच काटेवाल्याच्या खोलीची भिंत. त्यांचा चेहरा मेणासारखा झाला होता.

"गाडी थांबली नाही," ते म्हणाले. जिंकलेला माणूस असं बोलत नाही.

"नाही थांबली. पाटी लावते. शब्द आहे माझा," मी म्हणाले. "पण नियमपुस्तकाप्रमाणे एक वजन बाकी आहे."

काटेवाल्यानं आकडा वाचला. "तेराशे पंचावन्न." मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाई, येताना काय भरून आणलंत?"

पाच किलो पेट्रोल जळलं होतं. तेराशे पाच भरायला हवं होतं. वरचे पन्नास.

"काटा बिघडलाय," अध्यक्ष म्हणाले.

शंभर वर्षांपूर्वीही कुणीतरी हेच म्हटलं होतं. त्या कारकुनाची मी मनोमन माफी मागितली.

"सील सकाळचं आहे," मी म्हणाले. "काटा बोलतोय ते खरं बोलतोय. प्लेटवर कुणी थांबू नका."

मी उतरले. माझे पासष्ट किलो गेले. लाल आकडा स्थिर झाला, बाराशे नव्वद. रिकामी गाडी बाराशे चाळीस भरायला हवी होती. मिस्त्रीनं टोपी काढून हातात घेतली होती.

मला आधी रागच आला. त्याचाही. शंभर वर्षं हा पोरगा पंप मारत बसला आणि तिकडे माझी आजी मान वर करून भाजी आणायला जाऊ शकली नाही. मग आठवलं, माझ्यापेक्षा बेचाळीस वर्षांनी लहान आहे तो. कुणी त्याला शर्यत संपल्याचं सांगितलंच नव्हतं.

"धाकट्या," मी म्हणाले. आजी म्हणायची तसंच निघालं तोंडून. "पोचली गाडी. सगळ्यांनी आकडा पाहिलाय. ठेव तो पंप आणि उतर आता. ताठ मानेनं उतर."

कुणी हललं नाही.

डावीकडची स्प्रिंग कुरकुरली. आकडा लुकलुकला.

बाराशे चाळीस.

आणि अध्यक्ष घाईनं दोन पावलं मागे झाले, पोट आत ओढून पाठ भिंतीला टेकवली आणि वाट दिली.