चार वाजताची शिकवणी

घटनेचा दिनांक १६ फेब्रुवारी २०२५, रविवार. वेळ दुपारी चार. स्थळ सावेडी, अहिल्यानगर. माझ्या घरातील रस्त्याकडची खोली.

खाली लिहिलेले सर्व खरे आहे. चौतीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी गद्य शिकवले, आणि पुराव्यावाचून विधान करणाऱ्याला कधी सोडले नाही. असा मनुष्य वर्तमानपत्राच्या भुताखेतांच्या पानासाठी लिहितो आहे, याची मला लाज वाटते. मला ज्या गोष्टींची लाज वाटते, त्यांत ही सर्वांत लहान आहे.

बराका टांझानियाचा. पुण्यात अभियांत्रिकी शिकून सुप्याच्या एका कारखान्यात लागला होता. माझी मुलगी दिशा तिथेच नोकरीला. दोघांनी लग्नाचे ठरवले आणि तिने त्याला माझ्यासमोर आणून उभे केले.

“आप्पा, याला मराठी शिकवा. लग्नात उखाणा घ्यायचा म्हणतोय.”

मंगळवार आणि रविवार, दुपारी चार. तो उंबऱ्याबाहेर बूट काढी आणि टाचा भिंतीला टेकवून ठेवी. आमच्याकडे कामाला येणारी बनुबाई त्या बुटांकडे पाहून म्हणे, “सर, ह्यात शेरभर तांदूळ मावंल.”

माझ्या शिकवणीचा एक नियम होता. मजकूर मोठ्याने वाचायचा. जिथे शंका येईल तिथे थांबायचे. शंका फिटल्याशिवाय पुढे जायचे नाही.

बराकाने तो नियम कधी मोडला नाही.

सावळ्या देवाच्या वर्णनांवर मी तासतासभर बोललो आहे. तो वर्ण घरात आला, तेव्हा मात्र माझी वाचा बसली. दोघे भाड्याची जागा पाहायला गेले, तेव्हा तीन घरमालकांनी त्याचा चेहरा पाहताच जागा गेल्याचे सांगितले. दिशा रडत आली. मला त्या घरमालकांचा राग आला नाही.

हायसे वाटले.

माझा चुलतभाऊ बिभीषण एका रविवारी आला होता. म्हणाला, “दादा, नातवाचे केस विंचरायला फणी कुठनं आणणार?”

मी हसलो. बराका शेजारच्या खोलीत वाचत होता. त्याचे वाचन क्षणभर थांबले, आणि पुन्हा सुरू झाले.

मग विवाह नोंदणीच्या कार्यालयात दोघांच्या नावाची नोटीस लागली. तीस दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो. पण कारण कायद्यात बसणारे हवे. रंग हे कारण होत नाही, एवढा कायदा मला ठाऊक होता. म्हणून मी कारण रचले. ‘नियोजित वराची प्रथम पत्नी त्याच्या मायदेशी हयात असल्याचे विश्वसनीयरीत्या समजते.’

कच्चा मसुदा मी जाळला. सही बिभीषणाची घेतली.

“लई जड लिव्हलंय, दादा,” तो म्हणाला. “पर खरं हाय का?”

“तू सही कर.”

हरकत खोडायला अविवाहित असल्याचा दाखला आणण्यासाठी बराकाला दिल्लीला, त्याच्या देशाच्या दूतावासात जावे लागणार होते. १२ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे तो मोटरसायकलवरून पुण्याच्या विमानतळाकडे निघाला. सुप्याच्या पुढे ट्रकने त्याला उडवले.

तो मंगळवार होता.

दिशाने बिभीषणाशी संबंध तोडले. माझ्या मांडीवर डोके ठेवून ती विचारी, “काकांनी असं का केलं, आप्पा?” मी तिच्या केसांवरून हात फिरवीत राही.

जानेवारीतल्या एका रविवारी, चार वाजता, उंबऱ्याबाहेर काहीतरी जड ठेवल्याचा आवाज झाला…

मग तसाच आणखी एक.

शेजारच्या घरातला मिक्सर बंद पडला. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. समोरची खुर्ची करकरली…

खुर्चीत कोणी नव्हते.

मंगळवारी बनुबाई आत येऊन म्हणाली, “पाव्हनं आलंय का कोनी? भाईर बूट हायेत.”

मी धावत गेलो. उंबरा मोकळा होता.

“आत्ता हुते,” ती म्हणाली. “टाचा भिताडाला लावून.”

पुढच्या रविवारी वाचन सुरू झाले. तोच आवाज, प्रत्येक जोडाक्षराशी सावकाश झटणारा. मजकूर माझा होता. जाळलेला. ‘नियोजित वराची… प्रथम पत्नी… हयात असल्याचे…’

तिथे आवाज थांबला.

पाच वाजेपर्यंत खोलीत काहीही हलले नाही. तो नियमाप्रमाणे शंका फिटण्याची वाट पाहत होता.

मी खोलीला कुलूप लावले. वाचन दारामागून येऊ लागले. दर वेळी तिथेच थांबे.

१६ फेब्रुवारीला दिशा बाजारात गेली होती. मी कुलूप काढून आत जाऊन बसलो. वाचन झाले. थांबले. आणि मग, पहिल्यांदाच…

“सर, हे खरं आहे?”

आवाजात राग नव्हता. राग असता, तर मी वाद घातला असता.

“नाही,” मी म्हणालो. “खोटं आहे. मी रचलं. बिभीषणाने नुसती सही केली.”

खुर्ची मागे सरकली. पंख्याचा आवाज परत आला.

दारात दिशा उभी होती. हातात भाजीची पिशवी.

“तुला ऐकू आलं?” मी विचारले.

“तुमचंच आलं.” ती खाटेवर बसली, खुर्चीकडे गेली नाही. “त्याने ओळखलं होतं, आप्पा. हरकतीची नक्कल वाचली आणि म्हणाला, काका असं लिहीत नाहीत, हे सरांचं वाक्य आहे. मी त्याच्याशी भांडले. माझ्या वडलांवर असा आळ घेऊ नकोस म्हणाले. आमचं शेवटचं बोलणं तेच.”

त्याच संध्याकाळी ती मैत्रिणीकडे राहायला गेली. माझे फोन घेत नाही.

मला वाटले होते, शंका फिटली. आता शिकवणी संपली. तसे झालेले नाही. मंगळवारी आणि रविवारी बूट ठेवल्याचा आवाज होतो. खुर्ची करकरते. वाचन पहिल्यापासून सुरू होते, आणि त्याच जागी थांबते. मी दर वेळी खरे उत्तर देतो. तो पुढे जात नाही.

काल न राहवून मी बनुबाईला सगळे सांगितले. फरशी पुसता पुसता तिने ऐकून घेतले.

“त्याला सांगितलं, ताईला कळलं,” ती म्हणाली. “आन् कचेरीत?”

“कचेरीत काय?”

“त्यो कागद. त्याची बायकू हाय म्हनून लिव्हल्याला. त्यो अजून तितंच हाय ना?”

तो कागद अजून तिथेच आहे. खोडायचा, तर खाली माझे नाव लिहावे लागेल. सावेडीत मला ओळखणारे पुष्कळ आहेत. या मजकुराखालीही मी माझे नाव घातलेले नाही.

तिने फडके पिळले आणि बादली उचलली.

“मग तुमी अजून खोटंच बोलताय, सर.”