कूलंट कुठं जातंय?

हे माझ्यासोबत घडलंय, ऐकीव नाही. पटलं नाही तर सोडून द्या. कुणाला पटवायची ताकद माझ्यात राहिलेली नाही.

गेल्या वर्षीचा एप्रिल. बारामती-इंदापूर रस्ता. आणि वेळ... दुपारी तीनची. ऊन नुसतं मी म्हणत होतं.

मी अंथुर्ण्याचा. चार शेतकऱ्यांची भाजी माझ्या पिकअपमधून पहाटे बारामतीच्या मार्केटला नेतो आणि दुपारी रिकामा परततो. या गाडीवरच माझं घर चालतं.

त्या दिवशी सणसर सोडलं आणि टेम्परेचरचा काटा वर चढला. गाडी बाजूला घेतली. तासभर थंड होऊ दिली, मग रेडिएटरचं झाकण उघडलं.

अर्धा लिटर पाणी कमी.

गाडीखाली वाकून पाहिलं... एक थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच!

जळोचीच्या रतन मिस्त्रीकडे गेलो. त्याने रात्रभर प्रेशर लावून ठेवलं. प्रेशरचा काटा हलला नाही, म्हणजे गळती कुठंच नाही.

"धूर पांढरा न्हाय, ऑईलमधी पानी न्हाय," तो म्हणाला. "तरी हेड गॅस्केटच गेलं आसंल. आतल्या आत पानी जळतंय."

चार दिवस गाडी उभी. माझी भाडी दुसऱ्याने नेली. हेड उतरवलं तर गॅस्केट शाबूत! तरी रतनने नवं टाकलं. साध्या पाण्याऐवजी हिरवं कूलंट भरलं, म्हणजे गळालं तर रंगावरून कळेल.

त्याच दुपारी सणसरच्या पुढे काटा पुन्हा वर.

माझं डोकंच फिरलं. फोनवर रतनला नको नको ते बोललो. तो बिचारा तीन दिवस स्वतः सोबत आला, माझ्या शेजारच्या सीटवर बसून. काहीच कमी झालं नाही.

चौथ्या दिवशी मी एकटा... अर्धा लिटर गायब.

"मी बसलो की जात न्हाय, आन तू एकला आसलास की जातंय व्हय?" तोही चिडला.

मग तो मागे हौद्यात बसून आला. कूलंट गेलं. पुन्हा पुढे बसला, नाही गेलं. दोनदा करून पाहिलं. शेजारची सीट रिकामी असली तरच जातंय.

रतनचा आवाज उतरला.

"हितं कोन बसायचं रं?"

मी गाडी सुरू करून निघालो.

आबा बसायचे. माझे वडील, कुंडलिक आबा. त्यांच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा मी त्यांना याच सीटवर बसवून बारामतीला डायलिसिसला न्यायचो. डॉक्टरांनी दिवसाला अर्धा लिटरच पाणी सांगितलं होतं, आणि आम्ही ते काटेकोर मोजून द्यायचो.

त्याच्या आदल्याच महिन्यात, मार्चमध्ये, डायलिसिसहून परतताना सणसरपाशी ते म्हणाले, "लेकरा, घोटभर पानी दे."

दिवसाचं पाणी संपलं होतं. सीटमागे रेडिएटरसाठीचा कॅन होता, त्याकडे ते बघत होते. दिवसभराच्या धावपळीने मी वैतागलो होतो.

"त्ये गाडीचं हाय, आबा," एवढंच म्हणालो.

पुढचं लासुर्णे गाव यायच्या आत आबा गेले. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

रतनने विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या सीटवर पाण्याची बाटली ठेवली. सणसर सुटलं...

घट्... घट्...

शेजारच्या सीटवरून. अगदी स्पष्ट.

बाटली तशीच भरलेली. काटा मात्र चढत होता.

"आबा, बाटलीतलं प्या की!" मी ओरडलो. "त्ये हिरवं इख हाय! नका पिऊ!"

रडलो, शिव्या घातल्या, हात जोडले. आवाज थांबला नाही.

त्याच संध्याकाळी सगळं कूलंट काढून टाकलं. आता बोअरचं साधं पाणी भरतो. रतन म्हणतो, अशाने इंजिन आतून गंजेल, फार दिवस टिकणार नाही. मला कळतं. पण काय करू?

आता अर्ध्या लिटरवर भागत नाही. कालच मोजलं. तीन लिटर गेलं.

गाडी विकवत नाही. त्या सीटवर कुणाला बसवतही नाही. आणि आबांना 'आता पुरे' म्हणायला मला तोंड नाही.