जव्हारच्या मेळ्यातली घसरगाडी

आभाळातून पोतं पडताना तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय. ते माझ्यापासून दोन हातांवर आदळलं, फुटलं, आणि डोक्यापासून पायापर्यंत मला लाल मातीनं न्हाऊ घालून गेलं.

विलायतेचा बादशहा मुंबईला येऊन गेला, त्याच्या पुढच्या दसऱ्याची ही गोष्ट. जव्हारात संस्थानचा मेळा भरायचा होता. माझा बा, ढवळू, दुकानांच्या मांडवांसाठी सूर्यमाळहून बांबू घेऊन आला होता, आणि त्याच्याबरोबर चटया विणायला मी. एकोणीस वर्षांची होते. लहानपणी ताप आला, तो उतरला तो माझ्या उजव्या पायातलं बळ घेऊनच. काठी टेकत मी सगळीकडे फिरायची... पण सावकाश.

तर मी अशी लालभडक उभी, तोंडात माती, आणि समोरून एकजण धापा टाकत पळत आला. दंडावर भुसा चिकटलेला, कानामागं खोचलेली पेन्सिल.

"लागलं का? बाय, लागलं का तुला?"

"पोतं फेकायला दुसरी जागा नाय मिळाली?"

"मी नाय फेकलं. ते... ते उडालं."

"पोतं उडालं?"

"गाडीतून." त्यानं ओशाळून मागं बोट दाखवलं. मग माझ्याकडे बघून त्याचे ओठ थरथरायला लागले. हसू दाबत होता मेला! "तोंड तरी पूस."

"पुसलं तर ओळखशील. मग पुन्हा नेम धरशील."

आता मात्र तो मोठ्यानं हसला. आणि काय सांगू, माझंही हसू आवरेना.

त्याच्या मागं मैदानावर लाकडाचा डोंगर उभा होता. सागाच्या वाशांचा मोठा चढ, मग उतार, मग पुन्हा उंचवटा, पुन्हा उतार. त्यावरून लोखंडी रूळ वळून पुन्हा चढाच्या पायथ्याशी गेले होते आणि रुळांवर चार चाकांची उघडी गाडी. मुंबईच्या एका शेटनं हे सगळं सुटं करून बैलगाड्यांतून घाटावर आणलं होतं. बैलांनी दोरानं गाडी माथ्यावर ओढायची, तिथं दोर सोडायचा, आणि पुढे गाडी आपल्याच वजनानं धावत सुटायची. लोक तिला घसरगाडी म्हणायला लागले होते. माणसं बसवण्याआधी मातीची पोती बसवून बघत होते, त्यातलंच एक दुसऱ्या उंचवट्यावर उसळून माझ्या भेटीला आलं होतं.

हा सोन्या. मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा. शेटची घसरगाडी जोडायचं काम त्याच्याकडे होतं.

पोतं उडालेलं संस्थानच्या कारभारीसाहेबांनीही पाहिलं होतं. ते छत्री टेकत आले.

"शेट, पोतं उडतं, तर माणूस कसा राहील?"

"साहेब, आपण नुसते धट्टेकट्टे जवान बसवू," शेट घाईघाईनं म्हणाला. "बायका, म्हातारे, लंगडेपांगळे... त्यांना मनाई."

बोलताना त्याची नजर माझ्या काठीवर गेली. मी काठी मागं नाही घेतली. उलट जरा पुढेच टेकली.

"मेळा सगळ्या रयतेचा आहे," कारभारी म्हणाले. "पाच दिवस देतो. कुणालाही निर्धास्त बसता येईल अशी करा. नाही जमलं, तर दसऱ्याआधी उतरवा."

शेटनं सोन्याकडे पाहिलं. "ऐकलंस? नाय जमलं, तर तू तुझ्या पाड्यावर आणि मी मुंबईला."

"जमवतो," सोन्या म्हणाला. कसं, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी विणायची चटई घेऊन मुद्दाम घसरगाडीशेजारीच बसले. सावली तिथं चांगली होती, असं मी बाला सांगितलं. सोन्या गाडीचा काठ करवतीनं कापत होता.

"दार करतोय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "खाली पायरी लावली की तुला चढता येईल."

"मला?"

"म्हणजे... कुणालाही."

"माझ्या पायाला पायरीसुद्धा डोंगरच."

"मग चाकं बारकी करू? गाडी खाली येईल."

"गाडी नको खाली आणूस," मी म्हटलं. "जमीन वर आण."

त्याची करवत थांबली.

"आमच्या घरामागं सपाट कातळ हाय. बा बैलगाडी मागून त्याला टेकवतो. मी कातळावरनं चालत जाते, ती सरळ गाडीतच असते. चढायचं कुठं येतं त्यात?"

सोन्यानं कपाळावर हात मारून घेतला. "पाच वर्षं! पाच वर्षं कसाऱ्याच्या घाटात रेल्वेच्या सुतारांच्या हाताखाली काढली मी. रोज फलाटावर उभा राहायचो... आणि डोक्यात नाय आलं!"

"डोक्यात भुसा असल तर कसं येणार?"

त्यानं खरंच केसांतून हात फिरवला, आणि भुसा खाली पडला.

त्या दिवसापासून मी मांडवाच्या चटया कमी आणि घसरगाडीचं काम जास्त करायला लागले. गाडीच्या तळाच्या उंचीला फलाट झाला, आणि त्याच्यावर जायला लांबलचक, सोपा उतार. चालताना पाय घसरू नयेत म्हणून त्यावर मी बांबूच्या चटया अंथरल्या. मी वर-खाली चालून बघायची, तो खालून विचारायचा, "दमलीस?" मी "हो" म्हटलं की तो उतार आणखी लांबवायचा. तिसऱ्यांदा मी दमले नव्हतेच, पण त्यानं पुन्हा विचारावं म्हणून "हो" म्हटलं. मग तो बिचारा दुपारभर फळ्या ठोकत बसला, आणि मला वाईटही वाटलं... थोडंसं.

खरी अडचण होती ती माणूस आत टिकवायची.

"दोरानं बांधतो," तो म्हणाला.

"आम्ही काय बकऱ्या?"

शेवटी त्यानं मांडीवर येणारा सागाचा दांडा केला. त्याच्या बाजूला लोखंडाची दातेरी पट्टी, म्हणजे दांडा खाली खाली ओढत ज्याच्या-त्याच्या मांडीला बेताचा बसवता यावा, जाडा असो की काडी. एकदा बसला की फलाटावरच्या माणसानं खटका दाबल्याशिवाय तो वर उचलायचा नाही. लाकूड रुतू नये म्हणून दांड्यावर मी वेताची वीण घातली.

"बस," सोन्या म्हणाला. गाडी अजून जमिनीवरच होती. मी बसले. त्यानं दांडा खाली ओढला. "घट्ट?"

"नाय."

आणखी एक दाता. "आता?"

त्याचा चेहरा इतका जवळ होता की पापण्यांवरचा भुसा मोजता आला असता. "आता... बरं हाय."

"पाय वर घे."

"दोन्ही?"

"दोन्ही. पाय रोवून तर कुणीपण टिकल. ज्याच्या पायात जोर नाय, त्याला जी सांभाळल, तीच खरी गाडी."

तो आणि आणखी चौघं मिळून गाडी हलवायला लागले. पुढे, मागं, तिरकी. मी दोन्ही पाय हवेत धरून किंचाळत होते, हसत होते, पण जागची हलले नाही. कुणी माझ्या पायाबद्दल असं कधी बोललंच नव्हतं. सगळे म्हणायचे, पोरीला बसवत नाय, पोरीला जमत नाय. हा म्हणत होता, गाडीलाच जमत नाय!

दुपारी परतीचा पाऊस आला. ढग गडगडत आले नि सगळं मैदान धुऊन गेले. आम्ही दोघं एकाच चटईखाली उभे होतो, ती डोक्यावर धरून. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या.

"चैती... तुला का एवढी हौस या गाडीची?"

मी पावसाकडे बघितलं. "मी कधी पळले नाय. पळताना तोंडावर वारा कसा लागतो, ते मला ठाऊक नाय."

चटई हळूच माझ्या बाजूला जास्त सरकली, आणि त्याचा डावा खांदा पार भिजून गेला.

चौथ्या दिवशी त्यानं चढावर दोन रुळांच्या मधोमध, पार माथ्यापर्यंत लाकडी दाते ठोकले आणि गाडीच्या पोटाखाली लोखंडाची जीभ बसवली. "वर जाताना ही दात्यांवरनं टुणटुण उडल. पण दोर तुटून गाडी मागं आली, तर लगेच दात्यात अडकल."

"आणि नाय अडकली तर?"

"म्हणून तर पयला मी बसणार."

दसऱ्याच्या सकाळी पोती बसवून गाडी अकरा वेळा सोडली. एकही उडालं नाही. कारभारीसाहेब तरी मान हलवेनात. "पोत्याला भीती नसते. माणूस बसवा. आणि धट्टाकट्टा नको."

मी काठी टेकत पुढे झाले.

"नाय!" बा गर्दीतून ओरडला. "चैते, मागं हो!"

"बा," मी म्हटलं, "मी कधी पळलेय का?"

बाचा उचललेला हात तसाच राहिला. मग त्यानं तो हळूहळू खाली घेतला, आणि सोन्याला एवढंच म्हणाला, "तिच्या बाजूला तू बस."

मी फलाटाच्या उतारावरनं चालत गेले, कुणाचाही हात न धरता, आणि सरळ गाडीत जाऊन बसले. दांडा मांडीवर आला. बैलांनी दोर ओढला. खट्, खट्, खट् करत आम्ही वर निघालो. मांडव खाली गेले, झाडं खाली गेली, कौलं खाली गेली. पिवळ्या पडत चाललेल्या नाचणीच्या माळांपलीकडे डोंगरांमागं डोंगर दिसत होते.

आणि माथा दोन हातांवर असताना फाट्कन दोर तुटला.

गाडी मागं आली. वीतभरच. खाली हजार माणसांनी एकदम श्वास ओढला. खट्! जीभ दात्यात बसली, आणि आम्ही आभाळात लटकून राहिलो. गाडी हलेना की डुलेना.

"धरलं!" सोन्या पुटपुटला. "चैती, धरलं बघ!"

"मला पण धरलंयस," मी म्हटलं. त्याच्या मुठीत माझा हात होता. त्यानं बघितलं, पण सोडला नाही.

खाली दुसरा दोर आणायला पळापळ झाली. इथं वर नुसता वारा.

"चैती, शेट मला मुंबईला ने म्हणतोय... म्हणजे न्यायचं म्हणतोय. सगळ्या गाड्या अशाच करायच्या हायेत."

"मग जा की."

"एकटा?"

मी डोंगरांकडे बघत राहिले.

"मला बोलता येत नाय नीट," तो म्हणाला. "दार कसं करू, दांडा कसा करू, सगळं तुला विचारून केलं. आता तुला इचारल्याबगर मला काय सुचतच नाय. तू... तू येशील? माझी बायको म्हणून?"

तेवढ्यात दोर बांधला गेला. खट्, खट्.

"सांग ना!"

"आधी उतरू दे—"

माथा आला. दोर सुटला. क्षणभर गाडी थबकली... आणि मग माझ्या पायाखालचं सगळं जग निसटलं! वारा तोंडावर आदळला, केस सुटले, डोळ्यांत पाणी आलं. मी पळत होते! बैलापेक्षा, घोड्यापेक्षा, सगळ्या मेळ्यापेक्षा जोरात मी पळत होते. दुसऱ्या उंचवट्यावर आम्ही दोघं उसळलो, दांड्यानं जागच्या जागी धरून ठेवलं, आणि मी जीव खाऊन ओरडले—

"येते! मी येते! सोन्या, मी तुझी बायको व्हते!"

गाडी फलाटाशी येऊन थांबली, तेव्हा मैदानात चिडीचूप होतं. ढोलवालेसुद्धा काठ्या हवेत धरून उभे. कारभारीसाहेब छत्रीआड तोंड लपवून हसत होते. मग कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळा मेळा ओरडायला लागला.

बा फलाटावर आला. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "पार सूर्यमाळला पण ऐकू गेलं असल."

"बा..."

"सोन्या, तुझ्या बापाला घेऊन घरी ये. चार माणसं बरोबर आण, रीतीनं बोलू."

"येतो," सोन्या म्हणाला. खटका दाबायला फलाटावर उभं राहायचं त्याचंच काम होतं, पण दांड्याखाली तर तोच अडकला होता. शेटनं हसत खटका दाबला.

बा जागचा हलेना. गाडीकडे बघत, कान खाजवत उभा राहिला. मग आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना हे बघून माझ्या कानाशी वाकला.

"चैते... म्हाताऱ्या माणसाला चालल का गं यात?"

पुढच्या फेरीला आम्ही तिघं होतो. मध्ये बा, डोळे गच्च मिटून, दांडा दोन्ही हातांनी धरून. आणि त्याच्या मुंडाशावरून सोन्या माझ्याकडे बघत होता, मी सोन्याकडे, आणि गाडी खट्खट् करत वर चालली होती.