मामेसासूंची खुर्ची

अण्णांची बायको गेली त्या दिवशी दुपारी तिला समुपदेशनाला जायचं होतं. सकाळी इस्पितळात डॉक्टरांनी मान हलवली. अण्णांना काही सुचेना, पण तिची वेळ ठरलीय, समुपदेशन करणाऱ्या ताई खोळंबून बसतील, एवढं मात्र आठवलं. त्यांनी फोन केला. ताई म्हणाल्या, "काकू दारापर्यंत पोचल्या होत्या, काका. फक्त कडी काढायची राहिली होती."

ते दार कोळशाच्या खोलीचं. लहानपणी तिची मामी तिला तिथं कोंडून ठेवायची. मामी मेली, पण तिचा आवाज बायकोच्या कानात राहिला तो राहिलाच. गोळ्यांनी तो नरमला, गेला नाही. मग ताई भेटल्या. आवाज खरा की खोटा या फंदात त्या पडल्या नाहीत. तुमच्यावर काय गुदरलं ते सांगा, म्हणाल्या. डोळे मिटून, मनातल्या मनात, आजच्या वयाची बाई होऊन त्या खोलीकडे चालत जायचं आणि आतल्या पोरीला आपण बाहेर काढायचं. कडी दुसऱ्या कुणी काढायची नाही. शिवाय रोज दुपारच्या चहानंतर आवाजाला समोर खुर्ची द्यायची, त्याचं ऐकायचं, त्याला उत्तर द्यायचं.

अण्णांचा धंदा वेताच्या खुर्च्या विणायचा. मामींसाठी त्यांनी मुद्दाम एक विणून दिली होती. ते स्वयंपाकघरात कप विसळत आणि एकाच बाजूचं बोलणं ऐकत. मधेच विचारत, "मामेसासूबाई आज रागात आहेत का?" ती हसून म्हणे, "तुमच्या चहाला नावं ठेवताहेत." केवढी हसायची. ते दिवस बरे होते.

ती गेल्यावरही अण्णांचे हात सवयीनं खुर्ची मांडत. एका दुपारी वेत करकरला. वजन पडल्यावर खोलगट होतो तसा मधे खोलगट झाला.

"चिमणी कुठाय?" कोरड्या, म्हाताऱ्या आवाजात कुणीतरी विचारलं.

बायकोला चिमणी म्हणणारी एकटी मामी. अण्णा घाबरले नाहीत. तिची अशी चौकशी कुणी किती दिवसांत केली नव्हती. "बाहेर गेलीय," ते म्हणाले.

मग आवाज रोज येऊ लागला. तो सांगे, चिमणी वेणीचं टोक चघळायची, झोपेत हसायची, नव्या चपला उशाशी घेऊन निजायची. सगळा जन्म एकत्र काढून हे अण्णांना ठाऊक नव्हतं. ज्या बाईनं तिचं बालपण नासवलं तिचीच आपण वाट बघतोय, हे त्यांना कळत होतं. तरी दुपार झाली की ते चहा टाकत.

शेवटी ते ताईंकडे गेले. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. जवळचं माणूस गेल्यावर असे आवाज पुष्कळांना येतात, घाबरू नका, म्हणाल्या. अण्णा सांगत राहिले. कोंडल्यावर ती भीती घालवायला तेराचा पाढा म्हणायची, पासष्टला अडकायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

ताईंचा हात टेबलावर थांबला. "हे काकूंनी सांगितलं तुम्हाला?"

"नाही. मामींनी."

"काकूंनी हे फक्त मला सांगितलं होतं." ताई उठून खिडकीपाशी गेल्या. "काका, खुर्ची मांडू नका."

दोन दुपारी त्यांनी मांडली नाही. घर खायला उठलं. तिसऱ्या दुपारी मांडली.

"खोटं बोललास," आवाज म्हणाला. "चिमणी बाहेर कुठं गेलीय? आतच आहे. ऐक."

अण्णांनी भिंतीला कान लावला. त्या भिंतीपलीकडे खोली नाही. नुसता रस्ता आहे.

तेरा चोक बावन्न. तेरा पंचे पासष्ट.

बारीक, नाकातला, रडून थकलेला आवाज. मग पुन्हा तेरा एके तेरा.

"अगं," अण्णा म्हणाले.

पाढा थांबला. आतून कुणीतरी नखांनी भिंत खरवडली.

"मी काढू कडी?" मामींनी विचारलं. आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "तू हो म्हण."

तेव्हापासून त्या रोज विचारतात. कडी दुसऱ्या कुणी काढायची नाही, हे ताईंचं बोलणं अण्णांना आठवतं. ते चहा ओततात, भिंतीला पाठ टेकून बसतात, पाढा ऐकतात.

उत्तर द्यायचं राहिलं आहे.