तुझा ट्रॅक्टर, माझं यंत्र

झुल्मा रस्त्याच्या मधोमध उभी होती, एक हात वर करून, बस थांबवावी तशी. समोरून बस नव्हती येत. विल्मारचा ट्रॅक्टर येत होता.

त्याने ब्रेक दाबला. मागची धूळ पुढे आली, तिच्या अंगावरून, केसांवरून गेली... पण ती काही हलली नाही.

"तुझ्याकडे ट्रॅक्टर आहे," ती म्हणाली.

"हो. दिसतोय ना."

"माझ्याकडे गवत कापायचं यंत्र आहे. ट्रॅक्टर नाहीये."

ना नाव, ना गाव, डायरेक्ट मुद्दा. विल्मारला हसू आलं. आणि हसता हसता लक्षात आलं, की आज आपण पहिल्यांदाच कुणाशी तरी बोलतोय. म्हणजे रेडिओवरच्या बातम्यांना दिलेली उत्तरं सोडली तर.

ती कोण हे त्याला माहीत होतं. पलीकडच्या म्हाताऱ्या एरिबेर्तोची मुलगी. कार्दोना गावाच्या त्या भागात घरं इतकी लांब लांब की शेजाऱ्याचा दिवा रोज दिसतो, तोंड मात्र वर्षातून एकदा. हिवाळ्यात म्हातारा गेला तेव्हापासून तो दिवा बंदच होता. गेल्या आठवड्यात परत लागला. विल्मारने तो पाहिला होता. रोज पाहत होता, खरं सांगायचं तर.

फाटकापासून शेडपर्यंत ट्रॅक्टरच्या बाजूने चालताना तिने सगळं सांगून टाकलं, डॉक्टरला दुखणं सांगावं तसं. गाई विकल्या, ट्रॅक्टर विकला, राहिलंय एवढं लसूणघासाचं रान. बहीण माबेल स्पेनमध्ये, विगोला असते, तिच्याकडे जायचंय. तिकीट काढून झालंय. ही एक कापणी उरकली, गवत वाळलं, गठ्ठे बांधले, की निघाले. आणि ट्रॅक्टर घेऊन यायचं कबूल केलेला माणूस फोनच उचलत नाहीये.

"पाऊस आठवड्याच्या शेवटी," ती म्हणाली. "आज कापलं तर आधी वाळेल."

विल्मार म्हणाला, बघू. मनात म्हणाला, विगो.

शेडच्या बाहेर, निलगिरीच्या रांगेला लागून, ते यंत्र उभं होतं. पाती जमिनीपासून वर उचललेली, खाली पडू नये म्हणून पिन अडकवलेली. यंत्र वर-खाली करणाऱ्या तेलाचा पाइप उन्हात लोंबत होता. विल्मारने ट्रॅक्टर मागे घेतला, पाइपचं टोक ट्रॅक्टरच्या कपलरमध्ये, म्हणजे जोडायच्या तोंडात, दाबलं. जाईना. जोर लावला. जाईना. मग दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन... आणि अंगठा चेमटला.

"हातोडा आणू?" तिने विचारलं.

"कुणाच्या डोक्यात घालायला?"

ती हसली नाही, पण हसू दाबलेलं त्याला दिसलं. गालाच्या एकाच बाजूला दिसलं.

अंगठा तोंडात धरूनच त्याने तिला समजावलं. यंत्र वर उचललेलं असतानाच कुणीतरी पाइप काढलाय. तेल आत अडकलं. वरून रोजचं ऊन, तेल फुगलं, आता टोक आत ढकलायला जागाच नाही. हातोडीने टोक वाकडं होईल, बाकी काही नाही. पाइपचा नट थोडा ढिला करायचा, दाब सोडायचा, की झालं.

"बाबा कायम तसंच ठेवायचे," झुल्मा म्हणाली. "वर उचलून. खाली ठेवलं की पात्यात मुंग्या वारूळ करतात म्हणायचे." मग जरा थांबून, "म्हणजे आतला हा दाब... त्यांनीच दिलेला? शेवटचा?"

"नाही, तो बहुतेक उन्हाचाच असणार," विल्मार म्हणाला.

बोलला आणि स्वतःलाच एक लावून द्यावीशी वाटली. हो म्हणायला काय जात होतं? पण शब्द गेला तो गेला. तिने मात्र त्याच्या हातातून पाना घेतला. तो म्हणाला, पिन नीट बसलीय, यंत्र पडणार नाही, पण तोंड लांब ठेव, आणि चिंधी धर. तिने नट फिरवला. जरासं फुस्स झालं. चिंधीवर तेलाचा डाग पसरला, आणि ती त्या डागाकडे बघत राहिली... बराच वेळ. विल्मार निलगिरीकडे बघत राहिला. दुसरीकडे कुठे बघणार?

नंतर पाइप असा आत गेला, की जणू कधी भांडण नव्हतंच.

यंत्र उचललं गेलं. पिन काढली. आणि यंत्र हळूहळू खाली बसायला लागलं. पुन्हा उचललं, पुन्हा तेच. दमलेली म्हैस खाली बसते ना, तसं.

"तुझं यंत्र म्हातारं झालंय, शेजारीण."

"माझं यंत्र ठीक आहे, शेजारी. तुझा ट्रॅक्टर बघ एकदा आरशात."

पुढचे काही क्षण दोघं असेच एकमेकांच्या लोखंडाला नावं ठेवत राहिले. विल्मारला तर वाटलं, हे भांडण मिटूच नये. पण मग त्याला काम सांगावंच लागलं. यंत्राच्या सिलिंडरपाशी एक छोटा कॉक होता. यंत्र उचलायचं, कॉक बंद करायचा, म्हणजे ट्रॅक्टरचा आणि यंत्राचा संबंध तुटला. सिलिंडरच्या दांड्यावर खडूची खूण करायची आणि वाट बघायची. तरीही यंत्र खाली बसलं, तर सील सिलिंडरमधलं गेलं. मग ते काढून कार्दोनाच्या वर्कशॉपला द्यायचं, आठ दिवस तरी लागणार, कारण ते सील वळणावर कधी दगा देईल आणि पाती मातीत घुसतील सांगता येत नाही. आणि नाही बसलं, तर ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हमधून तेल झिरपतंय. त्याचं काही नाही. कापताना पाती जमिनीलगतच असतात, वळताना तेवढा लिव्हर धरून ठेवायचा.

"आठ दिवस?" झुल्मा म्हणाली. "माझं तिकीट आहे."

"म्हणून तर बघायचं."

दोघं एका ओंडक्यावर बसले. तिने काखेतला थर्मास काढला, माते केला, तिकडचा कडू पानांचा चहा, पहिला स्वतः प्यायली, मग त्याला दिला. एकच भांडं, एकच नळी, इकडून तिकडे. ऊन निलगिरीतून गळत होतं. टिटव्या उगाच ओरडत होत्या. समोर खडूची पांढरी रेघ, आणि दोघं तिच्याकडे बघत बसलेले.

तिने विचारलं, एकटाच राहतोस? तो म्हणाला, हो. कंटाळा नाही येत? तो म्हणाला, नाही. मग काय झालं कुणास ठाऊक, त्याने सांगून टाकलं, की रविवारी तो कार्दोनाला जातो, काही घ्यायचं नसलं तरी दुकानात रांगेत उभा राहतो. कारण रांगेत माणसं आपोआप बोलतात. असं तो कधी कुणाला बोलला नव्हता. झुल्माने माते पुढे केला, बस्स. भांडं घेताना बोटं लागली. तेलाचीच बोटं, दोघांचीही.

इतक्यात घरात फोन वाजला. माबेल असणार, म्हणत ती आत गेली.

विल्मार उठून दांड्यापाशी गेला. रेघ होती तिथेच. केसभरही हललेली नाही. म्हणजे यंत्र ठणठणीत, दोष त्याच्या ट्रॅक्टरचा. म्हणजे आज कापणी. म्हणजे विगो.

कॉक त्याच्या हाताशीच होता. एवढासा. किंचित सैल केला असता तर यंत्र दोन बोटं खाली आलं असतं, रेघ सरकली असती. बघ, तुझं सिलिंडर गेलं. आठ दिवस. पाऊस पडला तर आणखी. कुणाला कळणार होतं? त्याने हात कॉकवर ठेवला. कॉक गरम झाला होता उन्हाने... तो तसाच उभा राहिला. मग हात काढला, पँटला पुसला.

ती बाहेर आली तेव्हा तो परत ओंडक्यावर बसलेला.

"हललं?"

"नाही. माझ्याकडचंच आहे."

"ट्रॅक्टर?"

"ट्रॅक्टर."

तिने टोमणा मारला नाही. तो टोमण्याची वाट बघत होता.

मग कापणी झाली. ती बांधावर बसून होती. वळणावर तो लिव्हर धरून ठेवायचा, यंत्र वर राहायचं, पुन्हा पुढची पट्टी. जांभळी फुलं मागे आडवी पडत गेली, गोडसर हिरवा वास सुटला. विल्मारने इतकं हळू कधीच कापलं नव्हतं. पण रान कितीही हळू कापा, संपतंच. प्रत्येक फेरीला उभी पट्टी बारीक होत गेली, आणि मग नव्हतीच.

उन्हं तिरपी झाली होती. त्याने यंत्र शेडपाशी आणलं, या वेळी जमिनीवर टेकवलं, लिव्हर पुढे-मागे करून दाब सोडला, मगच पाइप काढला. पैसे नको म्हणाला. ट्रॅक्टरवर चढला.

"एक विचारू?" झुल्मा खाली उभी होती, हात चाकाच्या पत्र्यावर. "तू कॉकवर हात ठेवला होतास."

विल्मारचे कान तापले.

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं," ती म्हणाली. "मी फोनवर माबेलला हो-हो करत होते आणि बघत होते. मला वाटलं, आता सोडणार हा. सोडला असतास तर मी आठ दिवस थांबले असते."

"माहितीये."

"मग?"

तो स्टिअरिंगकडे बघत राहिला. लिव्हर धरून हात दुखत होता. अंगठा सुजला होता.

"आठ दिवस घेऊन मी काय करू, झुल्मा?"

नाव पहिल्यांदाच घेतलं त्याने. इंजिन बंद होतं. टिटव्यासुद्धा गप्प होत्या... नेमक्या आत्ताच. तिने पत्र्यावरचा हात काढला नाही. खाली बघितलं, मग रानाकडे बघितलं, जिथे सगळं कापलेलं आडवं पडलं होतं.  

"त्या व्हॉल्व्हचं सील बदलून घे," ती म्हणाली.

"घेईन. कधीतरी."

"कधीतरी नाही. लसूणघास महिन्याने परत येतो. वळणावर लिव्हर धरून किती दिवस कापणार तू?"

विल्मारला कळायला जरा वेळ लागला. त्याने तिच्याकडे बघितलं.

"तेव्हा तू नसशील," तो हळूच म्हणाला.

"एक कापणी थांबते," झुल्मा म्हणाली. "माबेल ओरडेल, ओरडू दे. एकच. पुढचं मला माहीत नाही... मला विचारू नकोस."

"नाही विचारत."

"पुढच्या वेळी विचार."

आणि ती घराकडे निघाली. विल्मार तिथेच बसून राहिला, किल्ली न फिरवता. थोड्या वेळाने तिच्या स्वयंपाकघरात दिवा लागला. इतके दिवस तो दिवा लांबून ठिपक्याएवढा दिसायचा. आज खिडकी दिसत होती, आणि खिडकीत ती... हाताने खूण करत होती, की जा आता, जेव, सुजलेल्या अंगठ्याला काहीतरी लाव.