कोऱ्या नकाशामागचं पाणी

दोन इमारती होत्या आणि दोन्हींत एकेक मोठा कॉम्प्युटर. दोघांच्या पोटात एकच नकाशा, शेवटच्या रेघेपर्यंत सारखा. एक इमारत खाणीच्या तोंडाशी, तर दुसरी नदीपलीकडच्या टेकडीवर. एकीला आग लागली, पुराने वेढलं, तरी दुसरी शाबूत राहावी म्हणून मुद्दाम इतक्या लांब बांधलेली. मग त्या शुक्रवारी सकाळी दोन्हीकडचा नकाशा एकदमच कोरा कसा झाला?

चैताली कन्नाकेला हा प्रश्न पडला तेव्हा तिचे बाबा जमिनीखाली अडकले होते आणि खाणीचा भोंगा थांबायचं नाव घेत नव्हता.

चैताली सातवीत होती. ती राहायची ते मांडवघोरी गाव एका जुन्या कोळसा खाणीच्या डोक्यावर वसलेलं होतं. कोळसा काढणं केव्हाच बंद झालं होतं, कारण देशाला लागणारी वीज आता उन्हातून आणि वाऱ्यातून मिळत होती. पण कोळसा गेला तरी त्याच्या जागी राहिलेल्या पोकळ्या कुठे जाणार? कधी घराच्या भिंतीला भेग जायची, कधी विहिरीचं पाणी रातोरात गडप व्हायचं. एकदा तर बाजारातलं एक दुकान मालासकट खाली गेलं होतं. म्हणून त्या जुन्या भुयारांत पाण्यात कालवलेली रेती पाइपाने भरण्याचं काम सुरू झालं होतं. चैतालीचे बाबा, दौलत कन्नाके, त्या कामावर होते.

या कामात मोठी भीती होती ती पाण्याची. कितीतरी भुयारं वर्षानुवर्षांच्या पाण्याने काठोकाठ भरली होती. आणि कागदावरचे जुने नकाशे खोटे निघायचे, कारण तेव्हाच्या ठेकेदारांनी नकाशात दाखवला त्याहून जास्त कोळसा पोखरून नेला होता. यावर उपाय म्हणून खाणीत ‘घोरपडी’ सोडल्या होत्या. घोरपड म्हणजे हातभर लांबीचा, चार पायांचा रोबो. तो चिखलातून सरपटायचा, पाण्यातून पोहायचा, आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकायचा आणि भुयार कुठे वळतं, कुठे पाणी आहे, हे मोजून वर कळवायचा. तीन वर्षं खपून घोरपडींनी जवळजवळ अख्ख्या खाणीचा नकाशा जमवला होता. तो खाणीच्या फाइल सर्व्हरवर (सगळ्यांच्या फाइली एका जागी सांभाळणारा मोठा कॉम्प्युटर) ठेवलेला असे आणि खाली उतरणाऱ्या प्रत्येक टोळीच्या हातातल्या पाटीवर (टॅबलेटवर) दिसे. निळं म्हणजे पाणी, करडं म्हणजे कोरडं भुयार, पांढरं म्हणजे भक्कम खडक.

त्या सकाळी चौघं खाली होते. पाइप पलीकडे न्यायला त्यांना एका भिंतीत भोक पाडायचं होतं. त्यांनी पाटीवर भिंतीपलीकडचा भाग मोठा करून पाहिला. समोर सगळं पांढरं होतं. त्यांच्यातल्या भाऊराव निकोडेंनी भोक पाडायचं यंत्र लावलं. भिंतीपलीकडे पाणी होतं.

खाणीच्या फाटकाशी बायामाणसांची गर्दी झाली होती. चैतालीची आई गजाला धरून उभी होती. तिच्याशेजारी भाऊरावांची बायको आणि त्यांची मुलगी अपेक्षा. अपेक्षा चैतालीच्याच वर्गात होती.

“पाणी उतरल्याशिवाय काही कळत नाही जी,” पहारेकरी पुन्हापुन्हा सांगत होता. “पण ठोकण्याचा आवाज येऊन राहिला. कोणीतरी जिवंत आहे.”

जमिनीवर कंपनं टिपणारी यंत्रं मांडली होती. मोहाच्या झाडांखालून, फार खोलातून, दगडावर दगड आपटल्याचा आवाज येत होता. वरून बोअर मारून त्या माणसांपर्यंत पोचता आलं असतं. पण बोअर चुकून पाण्याच्या भुयारात घुसला, तर ते पाणी दाबासकट त्यांच्यावर कोसळलं असतं. आणि नकाशा तर गेला होता.

तेवढ्यात खाणीच्या माहिती विभागाच्या प्रमुख डॉ. पुष्पलता रामटेके धावतच जीपकडे निघाल्या. त्या चैतालीच्या गल्लीतच राहायच्या. सुट्टीत मुलांना बोलावून त्या घोरपडीचं पोट उघडून दाखवत, त्यामुळे चैताली त्यांना चांगली ओळखत होती. गजाशी नुसतं उभं राहणं तिला आता सहन होईना.

“मॅडम, मी येऊ?”

रामटेके मॅडमनी एकदा तिच्याकडे आणि एकदा तिच्या आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली.

“चल. रस्ता खराब आहे. येताना पेटी मांडीवर धरायला कोणीतरी हवंच.”

जीप नदीच्या पुलाला लागली तेव्हा चैतालीने तो प्रश्न विचारला. “दोन कॉम्प्युटर होते ना? मग दोन्हीकडचं कसं गेलं?”

“आज सकाळी आम्ही सर्व्हरची साफसफाई करणारा प्रोग्राम चालवला,” मॅडम म्हणाल्या. त्यांची नजर रस्त्यावरून हलत नव्हती. “एकच फाइल चुकून दोनदा ठेवलेली असली की त्यातली एक पुसायची, एवढंच त्याचं काम. त्यात एक ओळ चुकली होती. त्याने दोन्ही पुसल्या. अशा हजारो, नकाशाच्या फाइलींसकट.”

“पण टेकडीवरच्या कॉम्प्युटरवर तर तो चालवला नव्हता.”

“नव्हता. पण टेकडीवरचा कॉम्प्युटर म्हणजे पहिल्याचा आरसा. तू कपाळाला टिकली लावलीस तर आरशातल्या मुलीच्याही कपाळावर ती दिसते. आणि तू काढलीस तर?”

“तिचीही जाते.”

“लगेच जाते. आरसा तुला विचारत नाही, ही टिकली मुद्दाम काढली की चुकून पडली. खाणीतला कॉम्प्युटर बंद पडला असता, जळला असता, तर टेकडीवरच्याने आपल्याला वाचवलं असतं. पण चूक झाली, तर आरसा चुकीचीही नक्कल करतो.”

चैतालीने समोरच्या टेकडीकडे पाहिलं. ती म्हणाली, “मग अशी नक्कल हवी, जिला आपण काय केलं ते कळणारच नाही.”

“तीच आणायला चाललोय आपण.”

टेकडीपल्याडच्या गावात एका बंद पडलेल्या बँकेची तिजोरीची खोली खाणीने भाड्याने घेतली होती. आत कोरडी, थंड हवा होती आणि लोखंडी मांडणीवर चौकोनी कॅसेट ओळीने लावलेल्या होत्या. तळहातावर मावेल एवढी एकेक. मॅडमनी त्यातल्या पाच काढून मऊ अस्तराच्या पेटीत ठेवल्या.

“एवढीशी?” चैतालीचा धीर सुटल्यासारखा झाला.

“हिच्या पोटात जवळजवळ किलोमीटरभर लांब फीत गुंडाळलेली आहे, केसाहून पातळ. तिच्यावर चुंबकाच्या बारीक बारीक खुणा करून माहिती लिहितात. हिला टेप म्हणतात. लिहून झालं की यंत्रातून काढायची आणि इथे आणून ठेवायची. हिला वायर नाही, वीज नाही. सकाळचा तो प्रोग्राम वायरने जोडलेल्या कुठल्याही कॉम्प्युटरपर्यंत पोचला असता, पण फळीवर पडून राहिलेल्या या फितीपर्यंत कसा पोचणार?”

परतीच्या वाटेवर चैतालीने पेटी दोन्ही हातांनी कवटाळली होती. खड्डा आला की ती स्वतःच वर उचलली जायची, पण पेटी हलू द्यायची नाही.

खाणीच्या कचेरीत मॅडमनी पहिली टेप यंत्रात सरकवली. यंत्र घरघरू लागलं आणि बराच वेळ नुसतं घरघरतच राहिलं. बाहेरून भाऊरावांच्या बायकोचं रडणं ऐकू येत होतं.

“लवकर होत नाही का?” चैताली रडकुंडीला आली.

“नाही होत.” मॅडमनी पुढची टेप हाताशी घेतली. “कॉम्प्युटरच्या तबकडीवर (डिस्कवर) हव्या त्या जागी उडी मारता येते, पुस्तकाचं हवं ते पान उघडावं तशी. फितीवर उडी नाही. हवं ते जिथे असेल तिथपर्यंत फीत गुंडाळत न्यावीच लागते. शिवाय एक टेप पुरत नाही. ही रविवारची, पूर्ण प्रत (सर्व्हरवर होतं नव्हतं ते सगळं). रोज सगळं लिहायला वेळ पुरत नाही, म्हणून सोमवारपासून रोज संध्याकाळी फरकाची प्रत (त्या दिवशी बदललं तेवढंच). आता रविवारवर सोमवार चढवायचा, त्यावर मंगळवार. क्रम चुकला तर नकाशाही चुकणार.”

रविवार झाला. पडद्यावर करड्या आणि निळ्या रेघा उगवल्या. सोमवार झाला, मंगळवार झाला. बुधवारची टेप मध्येच अडली. मॅडमनी ती काढली, यंत्राचं डोकं (फितीवरच्या खुणा वाचणारा भाग) साफ केलं आणि पुन्हा घातली. या वेळी ती चालली. मग गुरुवार.

नकाशा आला. पण सगळा नाही. मोहाच्या झाडांखाली, जिथून ठोकण्याचा आवाज येत होता, बरोबर तिथे पांढरा डाग होता.

“हे काय?” खाणीचे मुख्य अभियंता देवतळे साहेब पुढे वाकले.

“तो भाग घोरपडींनी आज सकाळी मोजला,” मॅडम म्हणाल्या. “आजची प्रत संध्याकाळी व्हायची होती. त्या भागाची टेप नाहीच. ते मोजमाप सर्व्हरवर होतं, तिथून पुसलं गेलं. घोरपडी पाण्यात वाहून गेल्या.”

देवतळ्यांनी पांढऱ्या डागावर बोट टेकवलं. ते म्हणाले, “माणसं इथेच आहेत. इथेच बोअर मारू. सगळं पांढरं आहे, म्हणजे खडक आहे. दूर कुठे मारला तर त्यांना अंधारात चालत यावं लागेल. कोणी जखमी असेल. वेळ नाही, मॅडम.”

“सकाळी पण पांढरंच होतं ना?”

सगळे वळले. चैताली पडद्याकडे बोट दाखवत होती. “बाबांच्या पाटीवर पण पांढरं होतं. तिथे खडक नव्हता. तिथे काय आहे ते लिहिलेलंच नव्हतं.”

देवतळे पडद्याजवळून मागे झाले. खुर्चीत बसले आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “पोरगी बरोबर बोलते,” ते म्हणाले. “पांढरं म्हणजे खडक नाही. पांढरं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही.”

गुरुवारच्या नकाशात त्या डागापासून बरंच दूर एक करडं भुयार होतं. कोरडं, दोन्हीकडून मोजलेलं आणि त्या डागाच्या दिशेने जाणारं. बोअर तिथे मारायचा ठरला. तो दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर भुयाराच्या छताला लागला. वर पाणी उसळलं नाही, तशी गर्दीतल्या कोणीतरी हुंदका दिला. त्या भोकातून कोठारातली शेवटची घोरपड दिवा लावून खाली सोडली. करडा भाग ती नकाशा बघून भराभर चालली. पांढऱ्या डागाशी थांबली आणि मग पाऊल पाऊल चाचपत, प्रत्येक पावलाला आवाज सोडत पुढे सरकली. डागाच्या मध्यावर उजवीकडे पातळ भिंत होती आणि भिंतीमागे पाणी. देवतळ्यांना बोअर मारायचा होता तो नेमका तिथेच.

घोरपड त्या माणसांपर्यंत पोचून परत फिरली आणि तिच्या दिव्यामागून तिघं सरपटत भोकापर्यंत आले. भोक रुंद करून एकेकाला वर ओढलं, तेव्हा दुपार झाली होती. दौलत कन्नाके तिसरे होते. चैताली बाबांना बिलगली. त्यांचं अंग बर्फासारखं गार होतं आणि ते एकच वाक्य बोलत होते. “भाऊ यंत्रावर होता. भाऊ यंत्रावर होता.”

भाऊराव निकोडे पाण्याच्या पहिल्याच लोंढ्यात गेले होते. कुठल्याही टेपने त्यांना परत आणलं नसतं.

त्यांना स्मशानात पोचवून आल्यावर कितीतरी दिवस चैतालीला अपेक्षाशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. आपले बाबा घरी आहेत, याचंच तिला चोरट्यासारखं वाटायचं. वर्गात दोघी शेजारी बसायच्या आणि आपापल्या वहीत डोकं घालायच्या. पुढे चौकशी झाली, साफसफाईचा तो प्रोग्राम कोणी तपासला नाही ते उघड झालं, शिक्षाही झाल्या. मॅडमनी दोषींच्या यादीत आपलं नाव स्वतः घातलं.

काम पुन्हा सुरू व्हायच्या आधी मॅडमनी गावाला कचेरीत बोलावलं. आता पुसणारा कुठलाही प्रोग्राम सर्व्हरवर चालवण्याआधी वेगळ्या कॉम्प्युटरवर चालवून बघायचा होता. दर आठवड्याला टेपा यंत्रात घालून नकाशा खरोखर परत येतो का, हे सगळ्यांसमोर पाहायचं होतं, कारण वाचून न पाहिलेल्या टेपेचा भरवसा नाही. आणि नकाशात मोजलेला नसेल तो भाग आता भडक पिवळा दिसणार होता. पिवळं दिसलं की यंत्र बंद.

अपेक्षा मागे, दाराशी उभी होती. मॅडमचं बोलणं संपल्यावर तिने विचारलं, “त्या दिवशी सकाळी घोरपडींनी जे मोजलं, ते आता कधीच परत येणार नाही?”

“नाही बेटा. ते कुठल्याच टेपेवर नाही.”

“म्हणजे आदल्या संध्याकाळच्या टेपेनंतरचं सगळं जातं.”

“हो. शेवटची प्रत आणि चूक, यांच्या मध्ये जे असेल ते जातं.”

“मग आता प्रत कधी घेणार?”

“प्रत्येक पाळी संपली की. दिवसातून तीनदा.”

अपेक्षाने थोडा विचार केला. चैताली तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

“पाळी संपल्यावर नको,” अपेक्षा म्हणाली. “पाळी सुरू व्हायच्या आधी घ्या. प्रत झाल्याशिवाय कोणाला खाली उतरवू नका.”

मॅडमनी देवतळ्यांकडे पाहिलं. देवतळ्यांनी माणसांना खाणीत खाली-वर नेणाऱ्या पाळण्याच्या (लिफ्टच्या) चालकाला बोलावलं आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं की उद्यापासून टेप निघाल्याचा निरोप आल्याशिवाय पाळणा हलवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी पाळण्यात उभी राहून वाट बघत होती. दौलत त्यांच्यात होते. शाळेत निघालेल्या दोघी मुली फाटकाशी थांबल्या. कचेरीतून एक माणूस टेपेची पेटी घेऊन बाहेर आला, ती जीपमध्ये ठेवली, जीप पुलाकडे निघाली. मग घंटा वाजली आणि पाळणा खाली गेला.

“चल,” अपेक्षा म्हणाली, “उशीर होईल.”