एक टक् म्हणजे बंद

तुम्हाला पटो न पटो, हे माझ्याच घरात घडलंय. यात पदरचं मी काहीही घातलेलं नाही.

आणि रात्रबिरात्र काही नव्हती. रविवारची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन.

आम्ही तळमजल्यावर राहतो. वरचा मजला घरमालकाचा, बरीच वर्षं कुलूपबंद. त्याच्यावर गच्ची आणि पाण्याची टाकी.

आमचे हे स्वभावाने चांगले आहेत. फक्त हातात पाना आला की बिघडतात. आपला हात जगन्नाथ! नळाचा वॉशर बदलणं, तुंबलेलं बेसिन मोकळं करणं, इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. ती कामं कुणीही घरी करावीत.

पण त्या दिवशी गीझरच्या जोडातून पाणी झिरपत होतं.

"अहो, प्लंबरला बोलवा. तिथे वीज आहे."

"बटण बंद केलंय मी. एवढ्याशा कामाला माणूस कशाला?"

यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी गच्चीवर गेले.

आमची पद्धत ठरलेली. मी टाकीच्या व्हॉल्व्हपाशी उभं राहायचं, यांनी खाली बाथरूममध्ये. हात ओले असतात म्हणून फोन नको. लोखंडी पाईपवर पान्याने ठोकायचं. एकदा ठोकलं तर बंद. दोनदा ठोकलं तर चालू. पाईप खालून थेट टाकीपर्यंत जातो, त्यामुळे आवाज स्वच्छ ऐकू येतो.

काम करताना हे गुणगुणतात. ना सूर, ना ताल. पण बाथरूमच्या खिडकीतून ते गुणगुणणं वरपर्यंत येत होतं.

आणि मग...

टक्.

मी व्हॉल्व्ह बंद केला.

तेवढ्यात खालून यांची हाक आली. "अगं ए! पाना कुठे ठेवलास?"

मी कठड्यावरून वाकले. "मग आत्ता ठोकलंत कशाने?"

"मी कुठे ठोकलं? अजून सुरुवातच नाही केली!"

उन्हात पाईप तापला असेल, वाजला असेल. मी मनाची समजूत घातली. पाना कपाटावर होता, ते ओरडून सांगितलं. थोड्या वेळाने गुणगुणणं पुन्हा सुरू झालं.

मग पुन्हा...

टक्.

व्हॉल्व्ह बंदच होता. तरी मी आणखी आवळला.

टक्.

थांबून थांबून. दोनदा नाही. एकेकदाच.

"अहो, बंदच आहे!" मी ओरडले.



मी पाईपवर तळवा ठेवला. पुढचा टोला खालून आलाच नाही. तो माझ्या तळव्याखाली बसला...

आतून.

मी हात झटकन मागे घेतला. आवाज आता घाई करायला लागला होता. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं...

गुणगुणणं थांबलं होतं.

बंद. बंद. बंद. पाणी तर बंद होतं. मग काय राहिलं होतं?

जिना कसा उतरले, आठवत नाही. दारामागचा मेन स्विच मी खाडकन खाली ओढला.

हे स्टुलावर उभे होते. पाय ओले. तोंडात स्क्रू धरलेला, म्हणून गुणगुणणं बंद. एक हात गीझरकडे नेत होते. अजून वीतभर अंतर होतं.

त्यांनी स्क्रू तोंडातून काढला आणि खेकसले, "लाईट का घालवलीस?"

एरवी मी तोंडाला तोंड दिलं असतं. त्या दिवशी पालथ्या बादलीवर बसून नुसती रडले. माझं रडणं बघून त्यांनी मुकाट्याने प्लंबरला फोन लावला.

प्लंबर आला. त्याने आम्हाला लांब उभं केलं, मेन स्विच चालू केला आणि गीझरच्या अंगाला टेस्टर लावला. बटण बंद होतं.

तरी टेस्टर पेटला.

"साहेब, ओल्या पायांनी हात लावला असतात ना..." तो मेन स्विच पुन्हा पाडून म्हणाला, "वायर उलटी जोडलीय कुणीतरी, बटण बंद केलं तरी करंट येतोय. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. त्याच्यानंतर माझं काम."

हे खाली बसले. मी त्यांचे हात घट्ट धरून ठेवले.

पिशवी भरता भरता प्लंबरने विचारलं, "वर कोण आहे तुमचं? मघापासून बंद करा म्हणून ठोकतायत. आमच्या धंद्यात एक टक् म्हणजे बंदच."

वर कोणी नव्हतं.

मालकाला बोलावून वरचा मजला उघडायला लावला. आत नुसती धूळ. धुळीत एकही पाऊल नाही.

मी हट्टाने सगळा पाईप बदलून घेतला. आता प्लास्टिकचा आहे. त्याच्यावर ठोकून बघा, बद्द आवाज येतो.

आणि तरीही... गेले काही दिवस दुपारचा तो आवाज पुन्हा येतोय. खणखणीत, लोखंडाचा.

टक्... टक्...

एकेकदाच.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. मग गॅस बंद केला. मग गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्हही.

थांबला नाही.

यांना काही ऐकू येत नाही. रविवारी जेवून आडवे झाले की पाच मिनिटांत झोपतात. मी शेजारी बसून त्यांच्या छातीवर हात ठेवते.

"अगं, आहे मी. झोपू दे ना," म्हणतात.

उद्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ म्हटलं, तर हसतात. "मला काय धाड भरलीय?"

मला फार भीती वाटते. आत्ताही यांच्या छातीवर हात ठेवूनच बसलेय. गॅस बंद, पाणी बंद, वीज बंद. या घरात आता यांचा श्वास तेवढा चालू आहे.

आणि पाईपमधला आवाज अजून थांबलेला नाही.